बेलीगारद : एका राखलेल्या भग्नावशेषाचें पाठपरीक्षण

(१)

ह्या त्रैमासिकांत ग्रंथांचें परीक्षण येतें, बखरींचें येतें, क्वचित् एखाद्या ताम्रपटाचेंही येतें. इमारतीचें परीक्षण सहसा येत नाहीं, आणि पडक्या इमारतीचें तर नाहींच नाहीं. त्यामुळें प्रस्तुत लेखाचा विषय लखनौची रेसिडेन्सी, म्हणजे तिकडील लोकांच्या बोलण्यांतली ‘बेलीगारद’, आहे हें पाहून वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु जी वास्तु पडक्या स्थितींतच मुद्दाम राखून ठेविली, जिच्या आवारांत जागोजाग दगडी लेख बसविले, आणि जी दीडशेंहून अधिक वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यास एक ठराविक इतिहास सांगत उभी आहे, ती वास्तु एक प्रकारचा ग्रंथच होय. ग्रंथ म्हटला कीं त्याचा कर्ता कोण, लेखनिक किती, मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणते आणि लोप कोठें, हे प्रश्न ओघानेंच आले. असे प्रश्न विचारण्याची ज्यांस संवय आहे त्या वाचकांपुढेंच हें परीक्षण ठेवणें योग्य, असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

माझें आयुष्य शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविण्यांत गेलें. १८५७ चा धडा मीं तीसेक वर्षें शिकविला. त्यांत लखनौच्या वेढ्याची एक ओळ असे. ती ओळ जेथें घडली ती जागा पाहण्याचा योग निवृत्तीनंतर, गेल्या माघ महिन्यांत आला. दोन सकाळी मीं त्या आवारांत घालविल्या. पहिली पाहण्यांत गेली, दुसरी पाहिलेलें तपासण्यांत. दोहोंत जें अंतर पडलें तेंच खालीं मांडिलें आहे.

(२)

प्रथम ह्या संहितेची हकीकत थोडक्यांत सांगतों. नवाब आसफउद्दौला ह्यानें १७७५ सालीं अवधची राजधानी फैजाबादेहून लखनौस आणिली. पुढें कंपनीच्या रेसिडेंटाकरितां गोमतीच्या कांठच्या उंचवट्यावर इमारतींचें काम सुरू झालें, तें सादत अलीखानाच्या कारकीर्दींत, सुमारे १८०० सालीं, पुरें झालें. कर्नल जॉन बेली हा रेसिडेंट असतां पहाऱ्याचा जो दरवाजा बांधण्यांत आला त्यास बेलीचा पहारा, म्हणजे ‘बेली गारद’, असें नांव पडलें, आणि लोकांनीं तेंच नांव सबंध आवारास लाविलें. गारद हा शब्द आपणांस परका नाहीं. ज्यानें शनिवारवाड्याची हकीकत वाचली आहे त्यास गारदी कोण हें सांगावयास नको.

फेब्रुवारी १८५६ मध्यें अवधचें राज्य खालसा झालें व वाजिद अली शहा कलकत्त्यास गेला. मार्च १८५७ मध्यें सर हेन्री लॉरेन्स मुख्य कमिशनर म्हणून लखनौस आला. ता. ३० जून रोजीं चिनहटच्या लढाईंत त्याचा पराभव होऊन वेढा पडला. तेहतीस एकरांच्या सुमाराच्या त्या जागेंत तीनेक हजार माणसें कोंडलीं गेलीं. त्यांत लढणारे सतराशांच्या आसपास होते, आणि त्या लढणाऱ्यांत सातशांहून अधिक हिंदी शिपाई होते; हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडेल. उरलेलीं बायका, मुलें व नोकरचाकर. ता. २ जुलै रोजीं लॉरेन्स आपल्या खोलींत तोफेच्या गोळ्यानें जखमी झाला व ता. ४ रोजीं मरण पावला. ता. २५ सप्टेंबरास हॅवलॉक व आउट्रम आंत शिरले, पण त्यांचाही कोंडमारा झाला. ता. १७ नोव्हेंबरास सर कॉलिन कॅम्पबेल येऊन पोंचला, आणि ता. २२ च्या रात्रीं सगळी शिबंदी गुपचूप बाहेर पडली. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत, म्हणजे सुमारें चार महिने, ही जागा उठावांतील शिपायांच्या ताब्यांत होती.

हे चार महिने लोकांच्या स्मरणांतून गळाले आहेत. स्मारकाची सगळी कथा २२ नोव्हेंबरास संपते. इमारतीची कथा मात्र तेथें संपत नाहीं.

(३)

पहिल्या सकाळीं मीं एक वाटाड्या बरोबर घेतला. गृहस्थ सज्जन होता, बोलण्यांत रसाळ होता, आणि भिंतींतील प्रत्येक भोंक तोफेच्या गोळ्याचें, असा त्याचा सिद्धान्त होता. मीही मान डोलवीत फिरलों. लाखोरी विटांच्या त्या उघड्या भिंती, त्यांवरील गोळ्यांच्या खुणा, छप्पर गेलेलीं दालनें, आणि खालीं तळघर, जेथें बायकामुलें दाटीवाटीनें दिवस काढीत होतीं. हें पाहून मन भरून आलें, हें लपवीत नाहीं. त्या तळघरांत उभें राहिल्यावर कोणाचा पक्ष खरा हा विचार सुचत नाहीं. भग्नावशेषाचें हें सामर्थ्य आहे, आणि ज्यांनीं तो राखला त्यांचें तेवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

दुसऱ्या सकाळीं मी एकटाच गेलों. तेव्हां एका दालनांतील भोंकांची एक रांग पुनः पाहिली. सर्व भोंकें चौकोनी, एकाच उंचीवर, सारख्या अंतरानें. तोफ इतकी शिस्तीची नसते. तीं वरच्या मजल्याच्या तुळयांचीं घरें होतीं. मजला गेला, तुळया गेल्या, घरें उरलीं. आदल्या दिवशीं मीं त्यांकडेही हळहळून पाहिलें होतें! येथून पुढें प्रत्येक भिंतीस, तूं कोणाच्या हातची, असें विचारीत गेलों, आणि एक नव्हे, निदान पांच हात मला दिसूं लागले.

पहिला हात वेढा घालणारांचा: तोफा, बंदुका व सुरुंग ह्यांचा. ह्याविषयीं वाद नाहीं. वेढा चालू असतांच, ऑगस्टांत, मुख्य इमारतीचा एक भाग कोसळून कांहीं गोरे शिपाई त्याखालीं गाडले गेले.

दुसरा हात आंतल्या लोकांचाच. त्यांनीं भिंतींत जंग्या पाडल्या, दारेंखिडक्या बुजविल्या, मोर्च्यांस अडचण करणारें बांधकाम पाडून टाकिलें. चर्चमध्यें दाणावैरण भरली. आज त्या चर्चच्या जागीं जोत्याच्या ओळी तेवढ्या दिसतात.

तिसरा हात नोव्हेंबर १८५७ ते मार्च १८५८ ह्या चार महिन्यांचा. शत्रूनें सोडलेली जागा हातीं आल्यावर तिची मोडतोड झाली. आज जी पडझड दिसते तींतील किती वेढ्यांतली व किती त्यानंतरची, हें भिंत पाहून सांगतां येत नाहीं. पाहणारा मात्र सगळीच वेढ्याच्या खात्यावर घालतो.

चौथा हात सर्वांत मोठा, आणि तो दिसत नाहीं. कारण त्यानें लिहिलें नाहीं, पुसलें. वेढ्याच्या काळीं ह्या आवाराभोंवतीं शहराचीं घरें इतकीं खेटून होतीं कीं कांहीं ठिकाणीं आंतला व बाहेरचा ह्यांमध्यें एका बोळाचें अंतर होतें. १८५८ नंतर रॉबर्ट नेपियर ह्याच्या आराखड्याप्रमाणें लखनौंत रुंद रस्ते काढण्यांत आले, शहराचा मोठा भाग पाडण्यांत आला, व ह्या आवाराभोंवतींची वस्तीही नाहींशी झाली. आज जें मोकळें, हिरवळीचें, शांत मैदान आपण पाहतों तें वेढ्याचें रणांगण नव्हे. ज्या घरांतून वेढा घातला गेला तीं घरें, त्यांतील माणसांसह, पानावरून खरवडून काढिलीं आहेत. पोथींतील हरताळ लावलेल्या ओळीस निदान हरताळाचा पिवळा पट्टा तरी असतो; येथें हिरवळ आहे.

पांचवा हात राखणारांचा. वाटा आंखल्या, झाडें लाविलीं, ढिले झालेले भाग बांधून काढिले. हें न करतां पडकी भिंत उभी राहत नाहीं. भग्नावशेष हा आपोआप टिकणारा पदार्थ नव्हे. ‘जसा होता तसा’ ठेवण्यासाठीं त्याची सतत डागडुजी करावी लागते. आमचा आक्षेप डागडुजीस नाहीं. आक्षेप इतकाच कीं, पांच हातांचें लिखाण एकाच शाईचें आहे असें समजून वाचलें जातें, आणि वाचणारास सावध करणारें चिन्ह त्या भिंतींवर कोठें नाहीं.

(४)

दुसऱ्या हाताविषयीं लिहितांना एक गोष्ट मुद्दाम मागें ठेविली होती, ती ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष लागेल म्हणून स्वतंत्र सांगतों.

कॅप्टन फ्लेचर हेझ नांवाचा एक अधिकारी लखनौस होता. त्याचा ग्रंथसंग्रह फार मोठा होता. त्यांत युरोपांतील नाना भाषांचे ग्रंथ व कोश तर होतेच, पण पौर्वात्य हस्तलिखितेंही मोलाचीं होतीं. हेझ स्वतः जून १८५७ मध्येंच लखनौबाहेर मारला गेला. वेढा पडल्यावर दारेंखिडक्या बुजविण्यास जें हाताला लागेल तें घेण्यांत आलें, आणि त्यांत हा संग्रहही गेला. वेढ्यांत सांपडलेल्या रीस नांवाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्यानें १८५८ सालीं छापलेल्या आपल्या हकीकतींत हें नमूद केलें आहे. पोथ्यांची भिंत रचली, आणि गोळ्या तिनें झेलल्या.

ज्यांनीं ती रचली त्यांस दोष देण्याचें धाष्टर्य मला नाहीं. मुलाच्या डोक्यापुढें पोथी धरावी कीं नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील तर उत्तर एकच आहे. पण त्या पोथ्या कोणत्या होत्या? कोणाच्या हातच्या होत्या, कोणत्या मदरशांतून वा पंडिताच्या घरून आल्या होत्या, त्यांपैकीं एखाद्या ग्रंथाची ती शेवटची प्रत होती काय? अवधासारख्या विद्यासंपन्न प्रांतांत असें घडलें असणें मुळींच अशक्य नाहीं. लॉरेन्सच्या खोलीपासून चर्चच्या जोत्यापर्यंत मी हिंडलों, पण त्या पोथ्यांचा उल्लेख करणारा दगड माझ्या पाहण्यांत आला नाहीं. मनुष्याच्या मरणापुढें कागदाचें मरण लहान खरें. तथापि जेथें तोफांच्या जागांचेंही स्मरण ठेविलें आहे तेथें एक ओळ त्यांच्यासाठीं असती तर अनाठायीं झाली नसती.

(५)

आतां शिलालेखांकडे वळूं. आवारांत थडगीं व स्मारकें पुष्कळ आहेत. त्या सर्वांची यादी देण्याचें प्रयोजन नाहीं. दोन लेख मात्र जोडीनें वाचले पाहिजेत.

पहिला सर हेन्री लॉरेन्सच्या थडग्यावरचा. आपण कर्तव्य करण्याचा प्रयत्न केला, एवढेंच तो लेख त्याच्याविषयीं सांगतो; पराक्रमाचा उच्चार नाहीं, पदव्यांची माळ नाहीं. हा मजकूर स्वतः लॉरेन्सनें मरतांना सांगितला, अशी परंपरा आहे. लेख म्हणून तो निर्दोष आहे. शत्रूच्या बाजूचा असला तरी चांगल्या लेखास चांगला म्हणावें.

दुसरा लेख बेलीगारद दरवाजाजवळील स्तंभाचा. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यानें तो १८७५ सालीं, शिबंदींत राहून मेलेल्या हिंदी अंमलदार व शिपायांच्या स्मरणार्थ उभारिला. त्यांत पलटणींचे अंक आहेत : १३, ४१, ४८, ७१, शिवाय अवधची इर्रेग्युलर फौज, पेन्शनर शिपाई, नवी भरती. त्यांनीं आपलें कर्तव्य उत्तम रीतीनें बजावलें असें प्रशस्तिपत्र आहे. आणि नांव? स्तंभ उभारणाऱ्या व्हाइसरॉयचें आहे; मेलेल्यांपैकीं एकाचेंही नाहीं.

सातशांहून अधिक हिंदी शिपाई आंत लढले, हा आंकडा वर ध्यानांत ठेवण्यास सांगितला तो ह्यासाठीं. त्यांनीं आपल्या भाऊबंदांविरुद्ध बंदूक धरली, ती कां धरली, हा प्रश्न इतिहासकारानें अवश्य विचारावा. पण त्याचें उत्तर कांहींही येवो, ज्या सरकारासाठीं ते मेले त्या सरकारास त्यांचीं नांवें दगडावर घालणें अठरा वर्षांनींही सुचलें नाहीं, ही गोष्ट त्या सरकाराविषयीं बरेंच सांगते. त्या काळीं तशी पद्धतच नव्हती म्हणावें, तर आपल्या प्रांतांतील भीमा कोरेगांवचा स्तंभ त्यास बाध आणतो. ता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ त्याच कंपनी सरकारनें उभारिला. त्यावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहे आणि पडलेल्या हिंदी शिपायांचीं नांवें आहेत. त्यांत ज्यांच्या नांवाअखेर ‘नाक’ आहे अशा महार शिपायांचींही आहेत. म्हणून आज त्या शिपायांचे वंशज तेथें जाऊन आपला पूर्वज बोटानें दाखवूं शकतात. नांव कोरलेलें असलें कीं उभारणाराचा हेतु कांहींही असो, लेख पुढें मेलेल्याच्या मालकीचा होतो. लखनौचा स्तंभ अद्याप लॉर्ड नॉर्थब्रुकच्याच मालकीचा आहे.

तिसरा लेख जो नाहीं तो बाहेरच्यांचा. वेढा घालणारे शिपाई, तालुकदारांचे लोक, सुरुंग खणणारे पासी, बेगम हजरत महल हिनें जुलै १८५७ मध्यें आपला अल्पवयी मुलगा बिर्जीस कद्र ह्यास गादीवर बसविल्यावर त्याच्या नांवानें लढलेले लोक. ह्यांस त्या जुन्या लेखांत स्थान असेल तर तें शत्रु ह्या एका शब्दांत. जिंकणाराकडून दुसरी अपेक्षा करणें व्यर्थ होतें. प्रश्न आहे तो राज्य बदलल्यानंतर आपण त्या संहितेचें काय केलें, हा.

(६)

१८५७ च्या इंग्रजी स्मारकांवर स्वातंत्र्यानंतर तीन प्रकारचे संस्कार झाले. तिन्हींचीं उदाहरणें तीन शहरांत आहेत.

कानपुरास बीबीघराच्या विहिरीवर मारोचेत्ती ह्या शिल्पकारानें घडविलेला देवदूताचा संगमरवरी पुतळा होता. ता. १५ जुलै १८५७ रोजीं तेथें बायकामुलांची जी कत्तल झाली तिचें तें स्मारक. स्वातंत्र्यानंतर पुतळा तेथून उचलून मेमोरियल चर्चच्या आवारांत नेण्यांत आला. बागेस नानासाहेब पेशव्यांचें नांव मिळालें, व येवल्याच्या तात्या टोप्यांचा पुतळा तेथें बसला. आम्हां मराठी माणसांस त्या बागेंत पाऊल टाकतांना अभिमान वाटतो, आणि वाटावा. परंतु पाठपरीक्षणाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें मूळ पान काढून दुसरें चिकटविणें झालें. त्या विहिरीवर काय घडलें, आणि त्याचा सूड म्हणून नीलसारख्यांनीं पुढें काय केलें, हीं दोन्ही त्या जागेंतून सारखींच नाहींशीं झालीं.

दिल्लीस टेकडीवर १८६३ सालचें इंग्रजी स्मारक आहे. १९७२ सालीं, स्वातंत्र्यास पंचवीस वर्षें झालीं तेव्हां, त्यास अजितगड असें नांव देण्यांत आलें. जुने लेख काढले नाहींत. त्यांजजवळ नवा फलक लावून, ह्या लेखांत ज्यांस शत्रु म्हटलें आहे ते परकीय सत्तेविरुद्ध उठून देशासाठीं शौर्यानें लढलेले लोक होत, असा खुलासा केला. माझ्या मतें आजवर झालेला हा सर्वांत शास्त्रशुद्ध संस्कार होय. मूळ जसेंच्या तसें, आणि शेजारीं टीका. कोणतें मूळ व कोणती टीका हें आंधळ्यासही कळावें. आपल्या पूर्वसूरींनीं हजारों वर्षें हेंच केलें. सूत्र पटलें नाहीं म्हणून कोणा भाष्यकारानें सूत्र खोडलें नाहीं.

लखनौस तिसराच प्रकार घडला. बेलीगारदच्या मनोऱ्यावरील इंग्रजी निशाण सूर्यास्तासही उतरवीत नसत. तें अहोरात्र फडके. ता. १३ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीं तें उतरविण्यांत आलें, काठी कापण्यांत आली, व तिचा पायाही काढून ती जागा बुजविण्यांत आली, कीं दुसरें निशाण तेथें चढूं नये. म्हणजे ह्या ग्रंथांतील शेवटचें मोठें खोडकाम मूळ लेखकानेंच जातां जातां केलें. पुढें १९५७ सालीं, शंभर वर्षें झालीं तेव्हां, आवाराबाहेर गोमतीच्या कांठीं शहीद स्मारक उभें राहिलें. आंत इंग्रजांचा ग्रंथ, बाहेर आपला. आंतल्या इमारतीच्या एका भागांत १८५७ चें संग्रहालय आहे, ती चांगली सोय आहे. पण संग्रहालय म्हणजे परिशिष्ट, आणि वाचक मूळ चाळून परिशिष्टाआधींच ग्रंथ मिटतो. भिंत व दगड ह्यांच्याशेजारीं, जेथल्या तेथें, टीका हवी.

(७)

येथें कोणी म्हणेल कीं, हा पोथीवाल्याचा हेका आहे. पडक्या वास्तूंत मनुष्य शांतपणें उभा राहावयास जातो. तेथें प्रत्येक विटेखालीं तळटीप लाविली तर शांतता उरणार नाहीं. आक्षेपांत तथ्य आहे, आणि माझी मागणी विटेविटेची नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ति वाचकांस ठाऊक आहे. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें व सबंध काम १९६६ सालीं. तींत जो पाठ पूर्ण निश्चित नाहीं त्याच्याखालीं एक बारीक नागमोडी रेघ आहे. ती रेघ वाचनास अडवीत नाहीं. ज्यास पाहिजे त्यास मात्र ती खरें सांगते. व्हेनिस येथें १९६४ सालीं वास्तुजतनाची जी सनद तयार झाली तिचेंही म्हणणें हेंच आहे कीं, नवा भरलेला भाग जुन्याशीं मिळता असावा, पण वेगळा ओळखूं यावा.

अशा रेघेस लागणारी सामग्री उपलब्ध आहे. फेलीस बेआतो ह्यानें १८५८ सालीं लखनौचीं छायाचित्रें घेतलीं. दरोगा अब्बास अली ह्यानें १८७४ सालीं पन्नास छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. सोळा वर्षांच्या अंतराच्या ह्या दोन मितीच्या प्रती होत. त्या आजच्या भिंतींशीं ताडून पाहाव्या, आणि कोणता भाग केव्हां पडला, केव्हां बांधून काढला, तें त्या त्या जागीं दोन ओळींत लिहावें. पाडून टाकलेल्या वस्तीची रेषा हिरवळींत दगड बसवून दाखवावी. नॉर्थब्रुकचा स्तंभ हलवूं नये. पण पलटणींचीं दप्तरें शोधून जितकीं नांवें मिळतील तितकीं शेजारीं द्यावीं. बाहेरच्या बाजूसाठीं रिझवी व भार्गव ह्यांनीं १९५७ पासून प्रसिद्ध केलेले उत्तर प्रदेशांतील स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचे खंड आहेतच. ह्यांत खर्चाचें काम थोडें, वाचनाचें अधिक आहे.

हा आग्रह मी कां धरतों त्याचें कारण सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं रावबहादुर चिंतामण विनायक वैद्य ह्यांनीं प्रसिद्ध केला तो फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून तो म. म. दत्तो वामन पोतदारांनीं छापला १९६६ सालीं. मधलीं एकुणसाठ वर्षें मराठी वाचकानें सत्तावनची हकीकत वैद्यांच्या हातून वाचली. वैद्यांवर मीं वर्गांत अनेकदां टीका केली आहे. ती करतांना दरवेळीं मला एक गोष्ट आठवे, आणि मी विषय बदलीं.

पंचविशींत असतांना एका घराण्याच्या दप्तरांतील एका बाडाची नक्कल करण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. बाड कसरीनें खाल्लेलें. सात ठिकाणीं अक्षरें गेलीं होतीं. संदर्भ मला स्पष्ट दिसत होता, निदान तसें वाटलें; मीं तीं सातही ठिकाणें भरून काढिलीं, आणि नक्कल नेटकी दिसावी म्हणून कंस घातले नाहींत. पुढें एका पावसाळ्यांत मूळ बाड भिजून गेलें. कांहीं वर्षांनीं एका छापील पुस्तकांत त्या नकलेंतील एक वाक्य पुरावा म्हणून दिलेलें वाचलें. तें वाक्य माझें होतें. लेखकाचा दोष नव्हता. त्याच्यापुढें जी भिंत होती ती त्यानें वाचली. मीं त्यास पत्र लिहावयास हवें होतें, तें लिहिलें नाहीं.

बेलीगारदच्या त्या दालनांत तुळयांचीं घरें पाहतांना मला वाटाड्याचा राग आला नाहीं, तो ह्या कारणानें. त्याच्यापुढें कंस नसलेली नक्कल होती. ज्यांनीं भरलें त्यांनीं खूण ठेविली नाहीं, ज्यांनीं पुसलें त्यांनीं पुसल्याची खूण ठेविली नाहीं, आणि मधल्या प्रत्येक माणसानें पुढच्यास प्रामाणिकपणें चुकीचेंच सांगितलें. आज आपल्याकडे गडकोटांची डागडुजी होत आहे, बुरूज बांधून निघत आहेत, दप्तरांच्या नकला होत आहेत. तें सर्व व्हावें. मात्र जेथें आपला हात लागला तेथें आपली मिति घालण्यास विसरूं नये, एवढीच विनंती.

माझ्याकडून तिचा आरंभ करितों. वर सांगितलेल्या सात ठिकाणांची यादी, नकलेच्या पान व ओळीसह, मीं ह्या लेखाबरोबर मंडळाच्या दप्तरांत दाखल केली आहे. त्यांतील दोन ठिकाणीं काय भरलें होतें तें मला आतां आठवत नाहीं. तेथें तसें लिहिलें आहे.